कॉलेजात पहिलाच मार्केटिंगचा विषय, त्यात नक्की असतं काय?

रानजाई :
नमस्कार मंडळी,
लेकीने बारावी सायन्स केलं आणि इंजिनिअरिंगला ठाम नाही म्हणून बीबीएला अ‍ॅडमिशन घेतलीये, पुण्यातच. (२०२४ पासून बीबीएलाही सीईटी द्यावी लागते हे आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजून खरं वाटत नाही, त्यांच्या मते मार्क कमी पडले म्हणून तिकडे गेली. असो.) पहिल्याच सेमिस्टरला मार्केटिंग आहे. घरात कॉमर्सचं कोणी नाही, मी मायक्रोबायोलॉजी, नवरा मेकॅनिकल. सासऱ्यांचं म्हणणं, विकायचं कसं हे शिकायला फी कशाला भरायची, मंडईत दोन तास उभी राहा म्हणावं.
तर विचारायचं हे की या विषयात नक्की असतं काय? पाठांतर आहे की डोकं लावायचं आहे? गणित कितपत? लेक तशी बुजरी आहे, चारचौघांत बोलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, तर तिला खरंच दारोदार काही विकायला लावतात का? आणि पुस्तक कुठलं? कोटलरचं नाव सगळे घेतात पण किंमत बघून मीच मटकन खाली बसले.
ज्यांनी हा विषय केलाय किंवा शिकवलाय त्यांनी लिहा प्लीज.

उगाचच :
पहिला! सासरेबुवांना माझा दंडवत सांगा.

टीवायवाली :
काकू, मी आत्ता टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे म्हणून ताजं ताजं सांगते. पहिला महिना एकदम सोप्पा वाटतो. नीड, वाँट, डिमांड यातला फरक, मग प्रॉडक्शन कन्सेप्ट, सेलिंग कन्सेप्ट, मार्केटिंग कन्सेप्ट, सगळं वाचताना वाटतं की हे तर आपल्याला येतंच की. आणि तिथेच सगळे झोपतात. आमच्या पहिल्या इंटर्नलला प्रश्न होता की एक कंपनी बिनसाखरेची आंबावडी काढतेय, तिचं टार्गेट मार्केट ठरवा आणि कारणं द्या. अर्ध्या वर्गाने लिहिलं 'लहान मुलांपासून ज्येष्ठ नागरिकांपर्यंत सर्वजण'. मॅडमनी दहापैकी दोन दिले, ते पण अक्षराचे म्हणाल्या. एका मुलीला आठ मिळाले, तिने लिहिलं होतं की ज्या घरात एकाला डायबेटीस आहे आणि पाहुणे आले की बाकीचे त्याच्यासमोर गोड खातात, त्या घरात सामान आणणारी जी बाई असेल ती आपली गिऱ्हाईक, वडी खाणारा माणूस नाही, आणि म्हणून जाहिरात त्या बाईशी बोलायला हवी. मला तो विषय तेव्हा पहिल्यांदा आवडला.
दारोदार कोणी पाठवत नाही. पण प्रेझेंटेशन असतात, ग्रुप प्रोजेक्ट असतो. पाच जणांचा ग्रुप, दोघं काम करतात, एक पीपीटीचे रंग बदलत बसतो आणि उरलेले दोघं 'ऑल द बेस्ट गाईज' टाकतात. तिला म्हणावं ग्रुप पडायच्या आदल्या दिवशीच माणसं हेरून ठेव.

मंद्रसप्तक :
वाचतेय. भाच्याचं पण हेच चाललंय.

निवृत्त_मास्तर :
विषय जिव्हाळ्याचा, बरीच वर्षं हाच शिकवला, त्यामुळे जरा लांबेल.
स्वायत्त कॉलेजांचा अभ्यासक्रम वेगळा, विद्यापीठाचा वेगळा, पण सांगाडा सगळीकडे तोच. आधी मार्केटिंग म्हणजे काय आणि विक्री हा त्याचा फक्त शेवटचा तुकडा कसा. मग गिऱ्हाईक कसं वागतं. मग बाजाराचे गट पाडायचे, त्यातला आपला निवडायचा आणि त्या गटाच्या मनात आपली जागा ठरवायची, याला एसटीपी म्हणतात, सेगमेंटेशन, टार्गेटिंग, पोझिशनिंग. मग उरलेलं सेमिस्टर चार पी, म्हणजे प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. ही चौकडी जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली मांडली. मुलं हमखास कोटलरच्या नावावर खपवतात. कोटलरचं पुस्तक १९६७चं, त्याने ती जगभर पोचवली. पुढे १९८१ मध्ये बूम्स आणि बिटनर यांनी सेवांसाठी आणखी तीन जोडले, पीपल, प्रोसेस आणि फिजिकल एव्हिडन्स, कारण साबणाचे नियम सलूनला किंवा बँकेला पुरत नाहीत.
आता मेख कुठे आहे ते सांगतो. मुलं चार पी चार कप्प्यांत लिहितात. प्रत्यक्षात एक हलवला की बाकीचे तीन हलतात. निरमाचं उदाहरण द्यायचो मी. करसनभाई पटेल १९६९ मध्ये अहमदाबादेत घरी पावडर करून सायकलवरून विकायचे, तीन रुपये किलो, तेव्हा मोठ्या कंपनीची पावडर तेराच्या घरात. आता तीन रुपये ही नुसती किंमत नाही राहत. तीन रुपयांत बसवायची तर पावडरीत काय घालायचं ते बदललं, पिशवी साधी झाली, विकायला मधला कोणी परवडेना म्हणून सायकल आली. आणि हिंदुस्थान लिव्हरला उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी सर्फची किंमत नाही पाडली, व्हील नावाचा वेगळाच ब्रँड आणला. का आणला, हे ज्याला पानभर लिहिता आलं त्याला विषय कळला असं मी धरायचो.
रानजाई, सासऱ्यांना सांगा की मंडईत दोन तास जरूर उभी करू, पण आधी हे शिकवून.

कोडेकर :
मास्तर, आदर ठेवून विचारतो. चार पी, मग सात पी, उद्या कोणी नऊ करेल. याला शास्त्र म्हणायचं का? आम्ही एमबीएला गेलो तेव्हा मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड तीन वेगवेगळ्या विषयांत काढला. खाली अन्न, वर आत्मसाक्षात्कार. नंतर कुतूहलाने मूळ लेख काढला, १९४३चा, तर त्यात पिरॅमिडच नाही! त्या माणसाने तो काढलेलाच नाही, नंतरच्या मॅनेजमेंटवाल्यांनी काढला. आणि झोपडीत केबल घेणारी आणि उपास करून सोन्याची भिशी भरणारी माणसं त्या पिरॅमिडच्या कुठल्या मजल्यावर राहतात ते मला अजून कळलेलं नाही.

निवृत्त_मास्तर :
@कोडेकर, बरोबर आहे तुमचं, लेखात आकृती नाही. मॅस्लोने स्वतःही म्हटलंय की हा क्रम सगळ्यांना असाच लागू होईल असं नाही. पण पेपरात 'विथ डायग्रॅम' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे रानजाईंच्या लेकीने पिरॅमिड काढावा, पट्टीने काढावा, आणि खाली दोन ओळी तुमचा आक्षेप लिहावा. माझ्यासारखा कोणी तपासत असेल तर मार्क वाढतील.

उगाचच :
आणि दुसरा कोणी तपासत असेल तर?

निवृत्त_मास्तर :
तर पिरॅमिडचे मिळतील.

स्टॉकिस्ट_दादा :
आपला एफएमसीजी, म्हणजे साबण-बिस्किटांसारख्या रोजच्या मालाच्या डिस्ट्रिब्युशनचा धंदा, चाकण पट्टा. पुस्तकात 'प्लेस'वर एक धडा असतो, त्यात बाण काढलेले असतात, उत्पादक मग घाऊक मग किरकोळ मग ग्राहक. बाण दिसायला छान. त्या बाणात कोणाचे पैसे अडकलेत ते नसतं. महिन्याची २८ तारीख आली की कंपनीच्या एसओचा, म्हणजे सेल्स ऑफिसरचा फोन, 'शेठ, टार्गेट थोडं राहिलंय, एक बिल फाडू का'. म्हणजे माल दुकानात गेलेला नाही, गिऱ्हाइकाने विचारलेला नाही, माझ्या गोडाऊनला येऊन पडणार आणि कंपनीच्या कागदावर विक्री झाली. कंपनीकडून माझ्याकडे आलं ते प्रायमरी, माझ्याकडून दुकानात गेलं ते सेकंडरी. मुलांना हे दोन शब्द पहिल्या दिवशी शिकवा, पुढची कितीतरी नाटकं आपोआप कळतील.
दुसरं, गणित. ताई, गणित साधंच आहे पण मुलं तिथे आपटतात. ऐंशीला घेतलं शंभरला विकलं, तर फायदा किती टक्के? कोणी म्हणतो पंचवीस, कोणी म्हणतो वीस. दोन्ही बरोबर. खरेदीवर काढला तर पंचवीस, तो मार्कअप. विक्रीवर काढला तर वीस, ते मार्जिन. पुस्तकात दोन्ही असतं पण नवीन पोरं मीटिंगला येऊन एकाच्या जागी दुसरं बोलतात आणि वर पाच टक्क्यांसाठी भांडतात.

टीवायवाली :
@स्टॉकिस्ट_दादा हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, प्रायमरी सेकंडरी. आमच्याकडे चॅनल म्हणजे झिरो लेव्हल, वन लेव्हल, टू लेव्हल (मधे किती व्यापारी त्यावरून) एवढंच पाठ केलं.

चकलीवाली :
गणितावरून लिहायचंच होतं. मी घरून फराळाची ऑर्डर घेते, आधी ओळखीत, मग एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थांचं सरकारी रजिस्ट्रेशन करून रीतसर. चाळिशी उलटल्यावर एका संध्याकाळच्या कोर्सला जाऊन बसले, वर्गात सगळी विशीतली पोरं. बाकी निम्मं विसरले पण ब्रेक इव्हन नाही विसरले. रानजाई, तुझ्या लेकीला हे एकदा स्वतःच्या हाताने करायला लाव.
समजा महिन्याचा ठरलेला खर्च बारा हजार, म्हणजे मदतनीस बाई, जागा, लाइट, माल बनो न बनो जाणारच. चकली विकते चारशे रुपये किलो. भाजणी, तेल, पिशवी धरून किलोमागे जातात दोनशे ऐंशी. म्हणजे किलोमागे हातात एकशे वीस. बारा हजार भागिले एकशे वीस, शंभर किलो. शंभर किलोपर्यंत मी फक्त खर्च भरून काढतेय.
आता सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी म्हणतं, काकू वीस टक्के डिस्काउंट द्या ना, दिवाळी आहे. वीसच टक्के तर आहेत, असं वाटतं. भाव झाला तीनशे वीस. खर्च तोच दोनशे ऐंशी. हातात चाळीस. बारा हजार भागिले चाळीस, तीनशे किलो! डिस्काउंट दिलं वीस टक्के आणि चकल्या पाडायच्या तिप्पट. त्या दिवसापासून माझ्याकडे डिस्काउंट मागणाऱ्याला मी दोन अनारसे जास्त देते पण भाव सोडत नाही.

कोडेकर :
हे आवडलं. हे गणित आहे, याबद्दल तक्रार नाही.

रानजाई :
बाप रे, किती सुंदर प्रतिसाद! चकलीवाली ताई, लेकीला वहीत हे गणित करायला लावलं, तिने स्वतःहून पुढे विचारलं की डिस्काउंट न देता भाव चारशे चाळीस केला तर? पंचाहत्तर किलो येतात म्हणे. मग म्हणाली पण मग गिऱ्हाईक किती तुटेल ते कसं कळणार.

चकलीवाली :
हुशार आहे पोरगी. तेच कळत नाही, तिथेच खरा धंदा आहे.

निवृत्त_मास्तर :
त्या प्रश्नाला पुस्तकात प्राइस इलॅस्टिसिटी म्हणतात आणि तो तिने पुस्तक न उघडता विचारला. काळजी करू नका.

बाकरवडीप्रेमी :
पण मंडळी, हे सगळं पुण्यात लागू होतं का? ग्राहक राजा आहे, ग्राहकाच्या दारी जा, असं पुस्तकात. आणि आमच्या शहराचा सगळ्यात नावाजलेला ब्रँड वर्षानुवर्षं दुपारी एक ते चार शटर ओढून झोपत होता आणि चार वाजता बाजीराव रोडवर रांग.

उगाचच :
आला, एक ते चार आला! कुठल्याही पुण्याच्या धाग्यावर पन्नास प्रतिसादांच्या आत येणारच.

घाटावरचा :
आता चितळे दुपारी पण उघडे असतात हो, २०१७ पासून. विनोद जुना झाला, अपडेट करा.

निवृत्त_मास्तर :
विनोद असला तरी प्रश्न चांगला आहे. ग्राहकाभिमुख असणं म्हणजे ग्राहकाच्या पुढेपुढे करणं नव्हे. ताजा माल, तीच चव, ठरलेला भाव आणि घासाघीस नाही, हे गिऱ्हाइकाला हवं होतं आणि ते मिळत होतं, म्हणून ते दुपारी थांबायला तयार होतं. पण म्हणून दुसऱ्या कोणी नुसतीच दुपारची झोप उचलली तर त्याचं दुकान बंदच राहील. आणि गिऱ्हाईक बदललं, दोघं नोकरी करणारी घरं आली, दुपारी सुट्टी काढून येणारे आले, तेव्हा त्यांनी वेळ बदललीच की. वर्गात मी याचा प्रश्न काढायचो, पोरं फार रंगायची.

बाकरवडीप्रेमी :
मास्तर तुम्ही बाकरवडीत पण सिलॅबस शोधता. मानलं.

रीलवाली :
मला सगळ्यांपेक्षा वेगळं वाटतं. मी डिजिटल एजन्सीत आहे, हिंजवडीला, आणि खरं सांगते, आमच्याकडे येणाऱ्या फ्रेशर्सना चार पी येऊन काही उपयोग होत नाही. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती कशा लावायच्या, कॅम्पेनचा रिपोर्ट कसा वाचायचा, सर्चमध्ये वर कसं यायचं हे येत नाही. पहिल्या वर्षी पिरॅमिड काढण्यापेक्षा हे शिकवलं तर तिसऱ्या वर्षी नोकरी मिळेल. कॉलेजं अजून वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या काळात आहेत.

टीवायवाली :
आम्हाला डिजिटलचं एक अख्खं युनिट होतं पण त्यातले स्क्रीनशॉट इतके जुने की ती बटणंच आता अ‍ॅपमध्ये नाहीत.

स्टॉकिस्ट_दादा :
@रीलवाली, बटण कुठं आहे ते सहा महिन्यांत बदलतं म्हणताय, मग तेच कशाला तीन वर्षं शिकवायचं? कोणाला दाखवायची ते ठरवता आलं तर बटण कुठलाही पोरगा दोन दिवसांत शिकतो.

रीलवाली :
दोन दिवसांत शिकलेल्या पोरांचं बजेट जळताना मी रोज बघते दादा :) पण मुद्दा अर्धा मान्य. क्लायंट विचारतो ही जाहिरात कोणासाठी, तर उत्तर येतं 'अठरा ते पासष्ट, ऑल पुणे'. वर त्या आंबावडीला ज्यांनी 'सर्वजण' लिहिलं होतं तेच पुढे आमच्याकडे येत असावेत.

घाटावरचा :
माझी तक्रार केस स्टडींबद्दल आहे. निकाल लागल्यावर कारण सांगायला काय जातंय. नॅनोचं घ्या. प्रत्येक वर्गात सांगतात की टाटांनी 'सगळ्यात स्वस्त गाडी' असं पोझिशनिंग केलं आणि भारतीय माणसाला स्वस्त गाडीत दिसायचं नव्हतं म्हणून पडली. एका वाक्यात काम तमाम. रतन टाटांनी स्वतःही नंतर म्हटलं की स्वस्त हा शिक्का बसला ते चुकलं, ते ठीक. पण मी त्या काळात पिंपरीला एका व्हेंडरकडे होतो, जवळून बघितलंय. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत गाडी दाखवली, एक लाखाची, अख्खं जग बघत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंगालमधलं सिंगूर, जिथे कारखाना उभा राहत होता, ते सोडावं लागलं, कारखाना गुजरातेत साणंदला न्यायचा, तो सुरू झाला २०१०ला. तोवर लोकांचा उत्साह थांबून राहतो का? मधे काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. भाव लाखाचा राहिला नाही. आणि स्कूटरवाल्याला गाडी घ्यायची तर ती घेण्यासाठी कर्ज देणारा आणि गावात सर्व्हिस देणारा पण लागतो. २०१८ला उत्पादन थांबलं तेव्हा यातलं नक्की कशाने थांबलं ते एका पीला चिकटवता येत नाही.

निवृत्त_मास्तर :
याच्याइतकं चांगलं उत्तर मला क्वचित कोणी लिहिलं असेल.

कोडेकर :
मास्तर आज सगळ्यांनाच मार्क वाटताहेत.

सुट्टेपैसे :
सगळे मोठे मोठे बोलताहेत म्हणून गप्प होतो. माझं किराणा दुकान आहे, कॉलेजांच्या जवळ. जुलै ते ऑक्टोबर आमच्याकडे पोरं येतात, 'काका पाच मिनिटं, मार्केटिंगचा प्रोजेक्ट आहे'. सकाळी साडेआठला, जेव्हा दुधाची आणि पावाची गर्दी. हातात फोन, त्यावर गूगल फॉर्म. प्रश्न काय तर 'आपल्याला ब्रँडेड बिस्किटांचा दर्जा उत्तम वाटतो का, अत्यंत सहमत, सहमत, तटस्थ'. मी म्हणतो सहमत. जे विचारेल त्याला सहमत, कारण समोर गिऱ्हाईक उभं असतं. एकाही पोराने आजवर मागे वळून फळीकडे बघितलेलं नाही. कुठला माल डोळ्याच्या उंचीला आहे, का आहे, दाराशी लटकवलेल्या पाऊचच्या माळा कोणाच्या, पाच रुपयाच्या पुड्यात ग्रॅम कसे घटत गेले पण पाच रुपये तसेच राहिले, दोन रुपयाचं पाऊच घेणारी बाई तेच रोज का घेते, मोठी बाटली का घेत नाही. हे सगळं माझ्या पाठीमागेच टांगलेलं आहे. पण फॉर्ममध्ये तो प्रश्न नाही.

टीवायवाली :
काका सॉरी, आमच्या बॅचतर्फे. शंभर रिस्पॉन्स आणा म्हणतात, मग सगळे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. आमच्या सर्व्हेत 'पुण्यातील तरुणांच्या शीतपेयाच्या सवयी' यात सर्वात जास्त उत्तरं आत्या आणि मावश्यांची होती.

उगाचच :
निष्कर्ष: पुण्यातील तरुण कोकम सरबत पितात.

मंद्रसप्तक :
हाहाहा.

निवृत्त_मास्तर :
शीतपेयाचा विषय निघालाच आहे तर. १९८५ मध्ये कोका कोलाने चव बदलली, बदलण्याआधी सुमारे दोन लाख लोकांना चव देऊन विचारलं, बहुतेकांना नवी आवडली. एप्रिलमध्ये बाजारात आणली, जुलैत जुनी परत आणावी लागली, ७९ दिवस. दोन लाख म्हणजे नमुना काही लहान नव्हता. विचारलं होतं यातलं कुठलं गोड लागतं, पण जुनं कायमचं बंद केलं तर तुम्ही काय कराल हे नीट विचारलंच नव्हतं. सुट्टेपैसे म्हणताहेत ते हेच. शंभर रिस्पॉन्सची अट माझ्या विषयात असती तर मी दहा करून टाकली असती आणि त्या दहांसमोर अर्धा तास बसा म्हटलं असतं.

स्टॉकिस्ट_दादा :
सुट्टेपैसे, डोळ्याच्या उंचीच्या फळीचे पैसे कोण देतं ते पण सांगा की पोरांना :)

सुट्टेपैसे :
ते दुकानात आल्यावर. इथे नाही.

वऱ्हाडी_पाहुणा :
जरा माझा पण प्रश्न. मी मराठी माध्यमातून शिकलो, अकोल्याहून पुण्यात आलोय, हाच विषय आहे. सगळं इंग्रजीत. पुस्तक वाचतो तर उदाहरणं सगळी अमेरिकेची, दुकानदार स्वतः किंमत ठरवतो असं धरून चाललंय. आपल्याकडे तर पाकिटावर एमआरपी छापलेली असते. मग उत्तरात काय लिहायचं?

स्टॉकिस्ट_दादा :
हा खरा प्रश्न. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त. त्याच्यावर घेता येत नाही, खाली कितीही देता येतं. त्यामुळे आपल्याकडे कंपनी उलटी मोजत येते, आधी गिऱ्हाइकाच्या खिशातला आकडा, पाच, दहा, वीस, मग त्यातून दुकानदाराचं मार्जिन, माझं मार्जिन, जीएसटी वजा करत करत खाली, आणि उरलेल्यात माल बसवायचा. हेच लिही, उदाहरण तुझ्या अकोल्याच्या दुकानाचं दे.

निवृत्त_मास्तर :
इंग्रजीची भीती पहिल्या दोन महिन्यांची. पारिभाषिक शब्द साठ-सत्तरच्या वर नाहीत, तेच फिरून फिरून येतात. वाक्य लहान लिही. पुस्तकाचं रानजाईंनी पण विचारलंय. कोटलरचं जाडजूड मार्केटिंग मॅनेजमेंट हे एमबीएचं आहे, आत्ता नको. कोटलर आणि आर्मस्ट्राँगचं प्रिन्सिपल्स ऑफ मार्केटिंग हे नवख्यांसाठी आहे. दोन आवृत्ती मागची घेतली तरी काही बिघडत नाही, अप्पा बळवंत चौकात जुनी मिळते, डिजिटलचं प्रकरण तेवढं वर्गातल्या नोट्समधून करा. आधी कॉलेज लायब्ररीत बघा, मग पैसे घाला.

चकलीवाली :
आणि गाईड घेऊ नका असं कोणी सांगणार नाही, कारण सगळे घेतात. घ्या, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडा.

रानजाई :
मंडळी, कॉलेज सुरू झालं म्हणून अपडेट द्यायला आले. पहिल्या लेक्चरला सरांनी सिलॅबसचा कागद दिला, मास्तरांनी लिहिलेलंच सगळं त्यात आहे, अगदी त्याच क्रमाने. ग्रुप पडले, टीवायवालीचा सल्ला ऐकून लेकीने आधीच दोन मुली हेरून ठेवल्या होत्या, बाकीचे दोन नशिबाने येतील ते येतील. बुजरेपणाबद्दल सरांना भेटली, ते म्हणाले बोलायला लागेलच पण पहिलं प्रेझेंटेशन बसून केलं तरी चालेल. माझा जीव भांड्यात पडला.
सासऱ्यांना चकलीचं गणित दाखवलं. ते आता रोज विचारतात आज काय शिकवलं, आणि काल भाजीवालीशी घासाघीस न करता कोथिंबीर घेऊन आले, तिच्या मार्जिनचा विचार करून म्हणे.
आता खरं काम. पहिली असाइनमेंट आलीये, जवळच्या एका किराणा दुकानात जाऊन एकाच प्रकारच्या मालाचे (तिच्या ग्रुपला शाम्पू आलाय) सगळे ब्रँड, साइज, भाव आणि फळीवरची जागा लिहून आणायची आणि दुकानदाराशी बोलायचं. @सुट्टेपैसे, विचारायला संकोच वाटतोय पण...

टीवायवाली :
शाम्पू भारी विषय आहे! पाऊच विरुद्ध बाटली यावरच पाच पानं होतात. ऐंशीच्या दशकात तमिळनाडूतल्या चिक नावाच्या शाम्पूने पाऊचवर मोठ्या कंपन्यांना कसा घाम फोडला ते बघ म्हणावं.
आणि तुमच्या सरांना नमस्कार सांगा, आमच्याकडे हे नव्हतं.

सुट्टेपैसे :
रानजाई ताई, संकोच कसला. पाठवा. मंगळवार किंवा बुधवार, अकरा ते साडेबारा, त्या वेळात माशा मारत असतो. पाचही जणींनी एकदम येऊ नये, दुकानात उभं राहायला जागा नाही, दोघी दोघी या. वही पेन आणा, फोन पिशवीत. एमआरपी आणि मिलि दोन्ही लिहा, म्हणजे एका मिलिला किती पैसे पडतात ते घरी काढता येईल, पाऊच आणि बाटलीत कुठलं स्वस्त पडतं ते काढून मला पण सांगा, पोरं काय उत्तर आणतात ते बघायचंय. पत्ता विपुमध्ये, म्हणजे तुमच्या विचारपुशीत टाकतो.
आणि गूगल फॉर्म आणलात तर सगळ्याला 'तटस्थ'.